रेझिनचं युंकर्स जेयू-२८७ : सात महिन्यांनी डावा पंख उतरला

रेझिनचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचं, हे विमानाचं मॉडेल किट बांधून झालं त्या आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर नुसतं कौतुक केलं असतं. आज लिहितोय कारण मध्यंतरी डावा पंख टोकाशी साडेचार मिलिमीटर खाली आला होता. १/७२ मध्ये, म्हणजे मूळच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात, या विमानाचा पूर्ण पंखविस्तार जेमतेम २८ सेंटीमीटर, त्यामुळे एवढी उतरणही खोलीच्या दारातून दिसते. पंखाच्या मुळाशी रंगाला केसाएवढी चीर गेली होती. आधी दिसली ती चीर, मग मोजपट्टी लावली.

आणि हे व्हावं ते नेमकं याच विमानाच्या बाबतीत! जेयू-२८७ हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन जेट बॉम्बर, आणि त्याची ओळख म्हणजेच पुढे झुकलेले पंख. मागे वळलेल्या पंखाचं कमी वेगात आधी टोक उचल सोडतं आणि एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपा) ऐनवेळी निकामी होतात, म्हणून त्याचे रचनाकार हान्स वोके यांनी पंखच उलटे वळवले. ८ ऑगस्ट १९४४ ला जर्मनीतल्या ब्रांडिसहून पहिलं उड्डाण झालं. धड हाइंकेल १७७ या जर्मन बॉम्बरचं, पुढची चाकं अमेरिकन लिबरेटर बॉम्बरची, पंख तेवढे नवे. पंखांवर लोकरीचे गोंडे चिकटवून हवेचा प्रवाह कॅमेऱ्याने टिपला होता. त्या पंखांना हवेत पीळ बसायचा. माझ्याकडचा नुसता फडताळावर बसून वाकला.

बाकी किटबद्दल तक्रार नाही. साच्याचं तेल साबणाच्या पाण्याने निघालं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दोन हात पुट्टीत बुजली. नाकाशेजारची दोन इंजिनं भरीव रेझिनची असल्याने मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून पुढे वेगळं वजन घालावं लागलं नाही, याचा मला फार आनंद झाला होता. पण तीच भरीव इंजिनं पंखांखालीही लटकतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

विक्रेत्याला लिहिलं. त्याने चार वेळा फोटो मागवले आणि शेवटी मुदत संपल्याचं कळवलं. एकच पंख विकत द्या, पैसे भरतो म्हटलं; तर म्हणे पूर्ण किट घ्या. एका पंखासाठी पुन्हा अख्ख्या किटचे पैसे? नाही घालणार.

तोवर मला वाटत होतं की माझाच जोड कच्चा राहिला. पंख करवतीने कापला तेव्हा जोड अगदी पक्का निघाला. आत तार मात्र नव्हती, नुसतं रेझिन. माझीही एक चूक सापडली. त्या फडताळावर दुपारचं ऊन येतं आणि रेझिन उन्हाने मऊ पडतं. तरीही माहितीपत्रकात एका ओळीत ‘तार घाला’ लिहायला काय हरकत होती?

पंख गरम पाण्यात धरून सरळ केला, खालून खाच कोरली, सायकलच्या जुन्या स्पोकचा तुकडा इपॉक्सीने बसवला आणि त्याचं टोक दोन सेंटीमीटर धडात शिरवलं. उजवा पंख शाबूत होता, तरी त्यालाही तेच केलं. मग पुट्टी, घासकाम, पुन्हा रंग. तीन रविवार गेले. खालचा हिरवा रंग पहिल्या छटेशी तंतोतंत जुळला नाही, ते अजून खुपतं.

त्याला आता नऊ आठवडे झाले. मॉडेल सावलीत हलवलंय आणि दर रविवारी पट्टी लावतो. दोन्ही टोकं टेबलापासून सारख्याच उंचीवर आहेत. हे किट घेणार असाल, तर स्पोक रंगाच्या आधी घाला.