चारशे वीस रुपयांचा बोर्ड आणि आमचा पत्र्याचा कूलर

मी कॉम्प्युटरवाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नागपुरात सक्करदऱ्याकडे माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, कूलरचे पंप, बोअरच्या मोटरी, जे येईल ते भरून देतो. सव्वीस वर्षं हेच केलं. म्हणून ईएसपी३२ या प्रोग्राम टाकून चालवायच्या छोट्या बोर्डाबद्दल खाली जे लिहिलंय ते तारा जोडणाऱ्या माणसाचं मत समजा. कोडचं कौतुक करणारे बाकी पुष्कळ आहेत.

घ्यायचं कारण कूलर. पंप आपण सकाळी चालू करतो आणि विसरून जातो. खरं तर ताट्या एकदा चिंब भिजल्या की चार-पाच मिनिटं पंप बंद असला तरी हवा गारच येते. आणि टाकीतलं पाणी संपलं की तोच पंप कोरडा फिरत राहतो, तापतो, जळतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागला की असे जळके पंप घेऊन लोक माझ्या दारात उभे असतात. तक्रार करायला मला तोंड नाही, पोट त्यावरच आहे. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचाच पंप दोनदा जळला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, लोकांचे भरून देता, मग आपलाच काऊन जळते?" याला उत्तर नव्हतं. पंप आपोआप चालू-बंद करणारं काहीतरी हवं होतं.

भाचा पॉलिटेक्निकला आहे. तो म्हणाला, "मामा, ईएसपी३२ घ्या. पाच मिनिटांत चालू होते." हे पाच मिनिटांचं वाक्य लक्षात ठेवा.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गल्लीतल्या एका पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काका, तीस पिनवाला पाह्यजे का अडतीस?" मी म्हटलं, जास्त पिनांचा दे. चूक झाली. अडतीस पिनांचा बोर्ड ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खुपसायच्या भोकांच्या पाटीवर, बसवला की एका बाजूला जेमतेम एक ओळ उरते आणि दुसऱ्या बाजूला तार खुपसायला भोकच नाही. शेवटी दोन ब्रेडबोर्डांच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काढून ते शेजारी ठेवले आणि मधे बोर्ड पुलासारखा बसवला. तुम्ही आधी विचारून घ्या. बोर्ड ४२० रुपये, दोन रिले (विजेने चालणारे स्विच) असलेलं मॉड्यूल ९०, पाण्यात चालणारा तापमानाचा सेन्सर ११०, टाकीत पाणी आहे की नाही ते सांगणारा फ्लोट स्विच ८०. बिल मागितलं तर पोराने पॅकेटवरच पेनाने आकडे लिहून दिले. बोर्डासोबत माहितीचा कागद म्हणाल तर चिठोराही नाही.

घरी येऊन लॅपटॉपला लावला. बोर्डावरचा लाल दिवा लागला आणि लॅपटॉप मात्र ढिम्म. ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला बोर्ड ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, शोधला. या बोर्डांवर यूएसबीसाठी वेगळी चिप असते, कुणावर सीपी२१०२, कुणावर सीएच३४०. माझ्यावर दुसरी होती, तिचा ड्रायव्हर टाकला. तरी पोर्ट दिसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याने येऊन केबल बदलली आणि पोर्ट लगेच आला. माझी केबल जुन्या मोबाइल चार्जरची होती, आत फक्त पॉवरच्या दोन तारा. डेटाच्या तारा घातलेल्याच नव्हत्या. मी मल्टिमीटर बाळगणारा माणूस, पण केबलची कंटिन्युइटी बघायचं सुचलं नाही. भाचा हसला नाही, एवढं त्याचं चांगलं.

बोर्डात प्रोग्राम टाकायचं अर्डुइनोचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात प्रेफरन्सेसमध्ये एस्प्रेसिफची लांबलचक लिंक चिकटवायची, मग बोर्ड मॅनेजरमधून त्यांचं पॅकेज उतरवायचं. एस्प्रेसिफ म्हणजे ही चिप करणारी शांघायची कंपनी. चिप २०१६ साली आली. पॅकेज मोठं आहे, घरच्या वायफायवर उतरेपर्यंत माझं जेवण झालं. पहिल्यांदा प्रोग्राम कंपाइल (बोर्डाला कळेल असा तयार) व्हायलाही वेळ लागतो, तेव्हा अडकलं समजून बंद करू नका. पुढच्या वेळी लवकर होतं. अपलोड करताना खाली ‘कनेक्टिंग’ आणि त्यापुढे नुसत्या ठिपक्यांची रांग दिसली, तर बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरायचं, अपलोड सुरू झालं की सोडायचं. बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या सीरियल मॉनिटरवर चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं आली तर तिथला वेगाचा आकडा ९६०० असतो, तो ११५२०० करायचा. बोर्डावरचा निळा दिवा लुकलुकला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. माझ्या बोर्डावर तो दोन नंबरच्या पिनेवर आहे.

आता खरी मजा. रिले.

रिलेचं मॉड्यूल पाच व्होल्टचं. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. आणि हे मॉड्यूल उलट्या चालीचं असतं, म्हणजे पिन शून्यावर गेली की रिले ओढतो आणि वर गेली की सोडतो. मी जोडलं, प्रोग्राम टाकला, टक आवाज झाला, रिले ओढला. छान. बंदचा हुकूम दिला, तर सोडेचना. मॉड्यूलवरचा दिवा विझायच्या ऐवजी मंद झाला. भाचा कोड उलटा करून बघत होता, सुलटा करून बघत होता. मी मल्टिमीटर लावला. मॉड्यूलच्या व्हीसीसीवर (पॉवर घेणारी पिन) पाच, पिनेवर ३.३, मधे उरले १.७ व्होल्ट. ऑप्टोकपलरच्या (उजेडाने इशारा पुढे देणारा भाग) आतला एलईडी तेवढ्यावरही धुगधुगत होता आणि रिलेला तेवढं पुरत होतं. कोडमध्ये काही चूक नव्हती. पिनेला ‘वर जा’ म्हटलं तर ती बिचारी ३.३ पर्यंतच जाणार.

उपाय मॉड्यूलवरच होता. दोन रिलेच्या मॉड्यूलला कडेला तीन पिना असतात आणि त्यावर छोटी टोपी, जम्पर. ती काढली. जेडी-व्हीसीसी नावाच्या पिनेला पाच व्होल्ट दिले, ते रिलेच्या कॉइलसाठी. आणि व्हीसीसीला बोर्डाचे ३.३ दिले, ते ऑप्टोकपलरसाठी. आता पिन वर गेली की दोन्हीकडे ३.३, फरक शून्य, दिवा ठार बंद. टक-टक सुरू झालं तसं भाचा म्हणाला, "मामा, हे तर आम्हाला कॉलेजात शिकवलंच नाही." त्यांच्याकडे अर्डुइनो उनो हा बोर्ड आहे, तो पाच व्होल्टचा, त्यामुळे ही भानगड येतच नाही. एकाच रिलेच्या मॉड्यूलवर बहुधा हा जम्पर नसतो, म्हणून एकच रिले लागणार असला तरी दोनवालं घ्या.

फ्लोट स्विचने पण अर्धा रविवार खाल्ला. मी तो ३४ नंबरच्या पिनेवर लावला, बाकी काही विचार न करता, कोपऱ्यात सोयीची होती म्हणून. आकडा नुसता नाचत होता. टाकी भरलेली असताना रिकामी, तारेजवळ हात नेला की पुन्हा भरलेली. ३४ ते ३९ या पिना फक्त आत घेणाऱ्या आहेत आणि त्यांना आतून पुलअप, म्हणजे पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर, नाही. हवेत लटकलेली तार ती, काहीही पकडणार. २७ वर नेला, कोडमध्ये पुलअप चालू केला, गप्प बसला.

तापमानाचा सेन्सर डीएस१८बी२०. त्याला डेटाची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामधे ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर लागतो, नाहीतर उणे १२७ दाखवतो. रेझिस्टर लावल्यावर पहिला आकडा आला ८५. बायको डोकावून म्हणाली, "नागपूर आहे, असंल." सेन्सर सुरू होताना ८५ हाच आकडा धरून बसलेला असतो, मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतं. पहिलं वाचन फेकून द्यायचं. नंतर कूलरसमोर २९ आणि गच्चीवर सावलीत ४४ आला, तेव्हा विश्वास बसला.

एक गोष्ट मात्र डोळे वटारून सांगतो. व्हिडिओंमध्ये पोरं २३० व्होल्टची तार ब्रेडबोर्डाशेजारी मोकळी ठेवून हात फिरवत असतात. तसं करू नका. कूलर पत्र्याचा, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी आपण वाचतोच. मी फेजची तार रिलेच्या कॉम आणि एनओ (एरवी उघडं राहणारं टोक) मधून नेली, म्हणजे बोर्ड मेला तर पंप बंदच राहील. न्यूट्रल तोडायचा नाही. पत्र्याला अर्थिंग, मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि सगळं पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये. तो बॉक्सही कूलरवर ठोकू नका. माझा पहिला आठवडा तिथेच होता, दुपारी बॉक्सला हात लावता येत नसे. आता घरातल्या भिंतीवर आहे.

चार्जरही बरा घ्या. वायफाय चालू होताना बोर्ड क्षणभर दोन-अडीचशे मिलिअँपियर ओढतो, वर रिलेच्या कॉइलचे सत्तर. माझ्या जुन्या चार्जरवर तो ‘ब्राउनआउट’ (व्होल्टेज पडलं) लिहून दर मिनिटाला नव्याने सुरू व्हायचा. दोन अँपियरचा लावल्यापासून शांत आहे. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच धरतो, राउटरवर फक्त पाच चालू असेल तर नाव दिसणारच नाही.

बोर्ड कसा? उत्तम. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, वायफाय आतच, आणि एवढ्या पैशात. दीड महिना झाला, एकदाही अडकला नाही. दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते, येते, हा आपोआप कामाला लागतो. पंप दोन मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, टाकीत पाणी नसेल तर बंदच. टाकी आता दिवसातून दोनदा भरतो, आधी तीनदा भरायचो. पण नुसता एखादा रिलेच चालवायचा असेल आणि मोबाइलवर बघायची हौस नसेल, तर माझ्या मते उनोच घ्या. ३.३ व्होल्टची कटकट नाही, आणि हात चुकला तरी बरंच सोसतो.

बायकोची एक तक्रार उरली आहे. रात्री दर दोन-पाच मिनिटांनी टक वाजतं आणि तिची झोप मोडते. बॉक्स पलंगाच्या डोक्याशीच होता ना. परवा तो पॅसेजमध्ये हलवला. जूनमध्ये पाऊस पडला की हवा दमट होते, ताट्यांवरचं पाणी उडत नाही आणि कूलर नुसती चिपचिप करतो, तेव्हा पंप आपोआप थांबावा म्हणून आर्द्रतेचा डीएचटी२२ आणायला शनिवारी पुन्हा बर्डीवर जाणार आहे. सोबत अजून एक बोर्ड. शेजारच्या काकूंना पण पाहिजे. या वेळी तीस पिनांचा.