डबल ग्लास खिडक्या: दुरुस्तीनंतरचे अकरा महिने (नागपूर)

खिडक्या यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक प्लास्टिकच्या), बिल्डरने बसवलेल्या, सात वर्षं जुन्या. हॉलमध्ये पश्चिमेला दोन पल्ल्यांची सरकती, १५०० बाय १२०० मिलिमीटर. बेडरूममध्ये बाहेर उघडणारी. काच ५-१२-५, म्हणजे पाच मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे बारा मिलिमीटर हवा. दुरुस्ती फेब्रुवारीत झाली. त्यानंतर नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस), पावसाची झड आणि डिसेंबरची थंडी, तिन्ही पाहून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

तक्रारी नेहमीच्याच होत्या: एका पल्ल्याच्या काचांमध्ये धुकं, पावसात ट्रॅकमधून आत येणारं पाणी, घासत सरकणारा पल्ला, मे महिन्यात न लागणारा लॉक. बाजारात यावर सरसकट एकच उत्तर मिळतं, पूर्ण खिडकी बदला. चौकट वाकलेली नसेल आणि कोपऱ्यांचे जोड उकललेले नसतील तर तसं करायचं काही कारण नाही. इथे एक काच बदलली. बाकी सगळा कारभार धूळ, रबर आणि स्क्रूचा होता.

आधी धुक्याचं. ओल तीन ठिकाणी दिसू शकते आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. जुलै-ऑगस्टात एसी चालू असताना बाहेरच्या बाजूने काच धुरकटते. फडकं मारलं की जातं, त्यात बिघाड काहीच नाही. आतल्या बाजूने ओल दिसली तर खोलीत दमटपणा जास्त आहे. दोन्हीकडून पुसूनही जात नाही ते धुकं मधल्या पोकळीत असतं, आणि तेव्हाच काचेचं सील गेलेलं असतं. शंका असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ भरून आतल्या काचेला पंधरा मिनिटं टेकवून धरायचा. पिशवी काढून काच पुसली तरी त्या जागी पोकळीत धुरकट चकती दिसली, तर ओल आत शिरलेली आहे.

ती शिरते कशी? दोन काचांच्या मधे कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. त्यात ओल शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. स्पेसर आणि काच यांच्यामध्ये ब्यूटिलचा पातळ थर आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा जाड थर. पश्चिमेच्या काचेत मधली हवा डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर आणि मेच्या दुपारी ६० अंशांवर गेली तर तिचा दाब सहाव्या हिश्श्याहून जास्त वाढायला बघतो. हवेला जायला जागा नाही, म्हणून काचा किंचित फुगतात आणि रात्री परत बसतात. सील हे रोज सोसतं, आणि चांगलं सील बरीच वर्षं सोसतं. पण त्याच सीलची खालची कड महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहिली की ते टिकत नाही. जुनी काच काढली तेव्हा नेमकं हेच दिसलं: वरच्या आणि बाजूच्या कडांचं पॉलिसल्फाइड घट्ट, खालची कड मात्र नखाने उकरली तरी निघत होती, आणि पल्ल्याच्या खाचेत ओल्या राखाडी गाळाचा बोटभर थर. पाणी बाहेर जायचं छिद्र त्या गाळाखाली.

म्हणून या सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात फुकटचं आहे. पाणी निचऱ्याची छिद्रं दोन जागी असतात. एक संच पल्ल्याच्या खालच्या पट्टीत, काचेखालचं पाणी ट्रॅकमध्ये सोडणारा. दुसरा ट्रॅकमधून बाहेरच्या भिंतीकडे, साधारण ५ बाय ३० मिलिमीटरच्या फटी, बाहेरून प्लास्टिकच्या टोपणाने झाकलेल्या. लोक ट्रॅक झाडतात आणि पल्ल्याची छिद्रं विसरतात. आधी कोरडा ब्रश आणि व्हॅक्युम, मग प्लास्टिकची केबल टाय आत घालून मागेपुढे करायची. लोखंडी तार नको, आतल्या कप्प्याची भिंत फुटली की पाणी भलतीकडे उतरतं. शेवटी ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओतायचं. ते मिनिटभरात बाहेरच्या भिंतीवर उतरलं पाहिजे. तुंबून राहिलं तर टोपण बाहेरून काढून पाहायचं, बऱ्याचदा रंगारी त्यावर रंग किंवा पुट्टी चढवून गेलेला असतो. फेब्रुवारीत आणि मग जूनच्या आरंभी असं दोनदा केलं, आणि पूर्ण पावसाळ्यात ट्रॅकमधून आत पाण्याचा थेंब नाही. मे महिन्याच्या वावटळीत जेवढी धूळ ट्रॅकमध्ये बसते तेवढी उरलेल्या वर्षात बसत नसेल, म्हणून जूनची साफसफाई चुकवू नये.

काच बदलताना चौकटीला हात लावायचा नसतो. आतल्या बाजूने काच धरून ठेवणाऱ्या चार पट्ट्या असतात, त्यांना बीडिंग म्हणतात. लांब पट्टीपासून सुरुवात करायची. पुट्टीची पत्ती पट्टीच्या मध्यावर, पट्टी आणि पल्ल्याच्या सांध्यात ठेवून रबरी हातोडीने हलकेच ठोकायची आणि पिळायची. पट्टी मध्यात बाक घेते आणि मग टोकं सुटतात. टोकाकडून उचकटली तर कोपरा तुटतो आणि तशी पट्टी नंतर मिळत नाही, कारण दर कंपनीचा घाट वेगळा. थंडीत सकाळी यूपीव्हीसी कडक असतं, तेव्हा हे काम दुपारी केलेलं बरं. कोणती पट्टी कुठली ते मागे पेन्सिलने लिहून ठेवायचं.

माप काच काढल्यानंतरच घ्यायचं, पट्ट्या जागेवर असताना दिसणाऱ्या काचेवरून नाही. इथे खाच ६६० बाय १०५० होती. दोन्ही मापांतून १० मिलिमीटर वजा करून ६५० बाय १०४० ची काच सांगितली, म्हणजे चारही बाजूंनी ५ मिलिमीटर मोकळे. रुंदी आधी, उंची नंतर, आणि जाडी व्हर्नियरने मोजून: ५-१२-५ म्हणजे २२. ‘थोडी जाड घ्या, आवाज कमी होईल’ असं म्हणून ६-१२-६ गळ्यात मारली तर ती २४ ची होते आणि जुनं बीडिंग बसतच नाही. टफन (तापवून मजबूत केलेली) काच असेल तर माप चुकल्यावर घासून दुरुस्त करता येत नाही, नवी करावी लागते. टफनवर कोपऱ्यात आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा छाप आहे का ते घेतानाच बघायचं.

वजन काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. या हिशेबाने ही एवढीशी काच १७ किलोची. दोन माणसं आणि दोन सक्शन कप लागतात. बसवताना खाली दोन प्लास्टिकचे पॅकर (काचेला टेकू देणारे तुकडे), प्रत्येकी १०० मिलिमीटर लांब, दोन्ही कोपऱ्यांपासून रुंदीच्या पाव अंतरावर. पॅकर इतका रुंद हवा की दोन्ही काचा त्यावर टेकतील. एकच काच टेकली तर दुसरीचं सगळं वजन सीलवर लोंबकळतं आणि दोन-तीन वर्षांत परत धुकं. पॅकर निचऱ्याच्या छिद्रावर येता कामा नये. जुन्या पल्ल्यात पॅकरच्या जागी लाकडाची चिपाटी होती, ओलीने फुगलेली. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यात बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकाला वरच्या कोपऱ्यातही पॅकर लागतो, नाहीतर पल्ला लोंबतो आणि चौकटीवर घासतो. बीडिंग परत लावताना आखूड पट्ट्या आधी, लांब शेवटी.

काचेला भोक पाडून आतली ओल वाळवून देणारेही भेटतात. स्पेसरमधले दाणे एकदा भरले की भरले. काच वाळली तरी पहिल्या झडीत धुकं परत येतं. टफन काचेला तर ड्रिल लावता क्षणी तिचा चुरा होतो.

रोलरचं काम अर्ध्या तासाचं. पल्ल्याच्या बाजूच्या पट्टीत तळाशी एक भोक असतं, त्यात पेचकस किंवा ४ मिलिमीटरची एलन की घालून स्क्रू फिरवला की पल्ला त्या कोपऱ्यात वर-खाली होतो. दोन्ही बाजू सारख्या करून पल्ला चौकटीशी समांतर आणायचा. स्क्रू पूर्ण फिरवूनही घासत असेल तर चाक झिजलंय. चाकं आत घेऊन, वरचा पल्ला-न-उचलू-देणारा ठोकळा काढून पल्ला वर ढकलायचा आणि खालून बाहेर घ्यायचा. जुना रोलर सोबत घेऊन इतवारीत जावं, फोनवर वर्णन करून मिळत नाही: एक चाक की दोन, खाच किती रुंद, यावर सगळं. ट्रॅकला ग्रीस किंवा खोबरेल लावू नये, इथल्या धुळीत त्याचा आठवडाभरात चिखल होतो. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो.

मे महिन्यात लॉक न लागण्याचं कारण साधं आहे. यूपीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. १.२ मीटरच्या पट्टीला ३० अंशांचा फरक म्हणजे अडीच मिलिमीटर. (आत लोखंडी नळी असेल तर कमी.) मिस्त्री दुपारी येतो, समोरच्या खाचेचे दोन स्क्रू ढिले करून ती सरकवतो, लॉक लागतो, आणि डिसेंबरात तीच खिडकी खडखडते. हे जुळवणं मार्चच्या किंवा ऑक्टोबरच्या सकाळी करावं. इथे मार्चमध्ये केलं. नवतप्यात हँडल जरा जड झालं, पण लागलं.

रबराबद्दल थोडक्यात: कोपऱ्यात फट दिसली तर जुनं रबर आकसलंय. नवं ईपीडीएम (ऊनपावसात टिकणारं रबर) घालताना ताणू नये, उलट किंचित जास्त लांबीचं कापून दाबून बसवावं. सरकत्या पल्ल्याचा केसाळ ब्रश झिजला की ओढून काढून नवा सरकवता येतो. एवढ्याने धूळ निम्म्याहून कमी झाली, हा या दुरुस्तीतला सगळ्यात स्वस्त फायदा.

एक काम फसलं. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यात बाहेरून सिलिकॉन भरलं, पण डाव्या बाजूला प्लास्टरवरची भुकटी नीट झाडली नव्हती. ऑगस्टपर्यंत तिथे पट्टी भिंतीकडून सुटली. उजवी बाजू ब्रशने साफ करून, फटीत फोमची गोल दोरी बसवून, वरून भरली होती. ती अजून घट्ट आहे. सिलिकॉन न्यूट्रल घ्यावं. व्हिनेगरसारखा वास येणारं अ‍ॅसिडिक सिलिकॉन काचेच्या सीलला बाधतं, दुकानात मात्र आधी तेच हातात देतात.

कूलरच्या पाण्याचे शिंतोडे काचेवर सुकून पांढरे डाग पडतात. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, पाच मिनिटं, मग साधं पाणी. ब्लेडने खरवडू नये. आणि दुपारी तापलेल्या काचेवर पाण्याची नळी धरू नये, साधी काच कडेपासून तडकते.

उन्हाचं म्हणाल तर साधी डबल ग्लास अर्धंच काम करते. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू (उष्णता किती पार होते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) साधारण ५.७, हिची २.८, म्हणजे बाहेरची गरम हवा बरीच अडते. पण थेट ऊन जवळपास तसंच आत येतं. बदललेल्या पल्ल्यात लो-ई काच (उष्णता परतवणारा पातळ लेप असलेली) घेतली, लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला. बसवण्याआधी मेणबत्ती धरून बघायची: चार ज्योती दिसतात, त्यातली एक वेगळ्या रंगाची. ती बाहेरून दुसरी असली तर काच बरोबर बाजूने आहे. या पल्ल्याजवळ मेच्या दुपारी बसता येतं, शेजारच्या जुन्या पल्ल्याजवळ नाही. जुन्यावर काळी फिल्म चिकटवायची नाही, काच जास्त तापते आणि तडकायचा धोका वाढतो. त्यापेक्षा बाहेरून ग्रीन नेट किंवा चिक टांगलेली बरी.

आवाजाची अपेक्षा कमी ठेवावी. बोलणं आणि हॉर्न कमी झाले, ट्रकची घरघर तशीच आहे. सरकत्या खिडकीत दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात तिथून आवाज शिरतोच. बेडरूमची उघडणारी खिडकी या बाबतीत कितीतरी सरस, फक्त तिचा फ्रिक्शन स्टे (पल्ला हवा तिथे धरून ठेवणारी बिजागरी) ढिला पडलाय आणि वाऱ्यात पल्ला आपटतो. त्यावरचा घट्ट करायचा स्क्रू पाव आटा फिरवून दोन महिने निघाले. आता लांबी मोजून नवी जोडी आणायची आहे, डावी-उजवी बघून.