लोकलढ्यांवरील बारा व्याख्याने: ऐकावीत, पण शेवटाकडे सावधपणे

स्वातंत्र्य आणि लोकशाही यांसाठी जगभरच्या सामान्य माणसांनी दिलेल्या लढ्यांवरची बारा ध्वनिमुद्रित व्याख्यानांची ही मालिका मी वर्गणी भरून पूर्ण ऐकली, आणि त्यांतली दोन व्याख्याने पुन्हा लावली. या विषयावरच्या कार्यक्रमांत नेत्यांची भाषणे आणि चौकांतली गर्दी यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. येथे मात्र वक्त्या पहिल्यापासून एकच प्रश्न लावून धरतात: ही गर्दी कोणी जमवली, आणि दुसऱ्या दिवशी ती टिकली कशी?

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेल्या बस-बहिष्कारावरचे व्याख्यान त्यामुळेच फार सरस उतरले आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून महाविद्यालयातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली, म्हणून सोमवारी बस रिकाम्या धावल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. पुढचे ३८१ दिवस लोकांना कामावर पोहोचवायला खासगी गाड्यांची व्यवस्था कशी उभी राहिली आणि गाड्यांचे विमे रद्द होऊ लागल्यावर काय केले गेले, याचे वर्णन ऐकताना बहिष्कार म्हणजे रोजचे किती काम असते ते कळते.

पोलंडचे व्याख्यान तर मला सर्वांत मोलाचे वाटले. ग्दान्स्कच्या गोदीतला संप १४ ऑगस्ट १९८० रोजी सुरू झाला तो क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेंतिनोविच यांना कामावरून काढल्यामुळे. दोनच दिवसांत व्यवस्थापनाने गोदीपुरत्या मागण्या मान्य केल्या, संप संपल्याचे जाहीरही झाले, आणि कामगार घरी निघाले असता काही स्त्रियांनी त्यांना दारावर अडवले, कारण गोदीने माघार घेतली असती तर शहरातले छोटे कारखाने एकटे पडले असते. ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना त्या अडवण्यातून घडली. वक्त्या येथे घाई करत नाहीत, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

माझी खरी तक्रार शेवटांबद्दल आहे. हुकूमशहा पायउतार झाला की व्याख्यान संपते. चिलीत ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी लष्करी हुकूमशहा पिनोशेला नकार दिला, येथे कथन थांबते; तोच पिनोशे १९९८ पर्यंत सेनाप्रमुख राहिला, हे येत नाही. इजिप्तचे व्याख्यान फेब्रुवारी २०११ मध्ये अध्यक्ष मुबारक यांच्या राजीनाम्यावर संपते आणि जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेल्या अध्यक्षांना हटवले, त्याचा उल्लेखही नाही. ज्या मालिकेने टिकण्याचा प्रश्न स्वतःच उभा केला, तिने तो येथे सोडून द्यावा, हे खटकते.

हैतीला तर जेमतेम काही मिनिटे मिळाली आहेत. फ्रान्सच्या या वसाहतीत गुलामांनी १७९१ मध्ये पुकारलेला उठाव १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्रात परिणत झाला आणि १८२५ मध्ये त्याच राष्ट्रावर फ्रान्सने १५ कोटी फ्रँकची भरपाई लादली; एवढ्या इतिहासाला स्वतंत्र व्याख्यान हवे होते.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, नकाशांची जोडपुस्तिका मात्र कामचलाऊ आहे. मालिका क्रमाने ऐकण्याची गरज नाही. पोलंडपासून सुरुवात करावी, मग मॉन्टगोमेरीकडे यावे, आणि चिली व इजिप्तची व्याख्याने ऐकताना पुढच्या वर्षांचे वाचन शेजारी ठेवावे.