कोयनेच्या पाण्यावर सात दिवस: रेल्वे, बोट आणि मुक्काम

सांगलीच्या माणसाला कोयना धरण आकड्यांतून ठाऊक असते. धरणाच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी सोडले, दरवाजे दीड फुटाने उचलले, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी इतके फूट झाली, ही भाषा जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे शाळकरी मुलेही बोलतात. २०१९ च्या महापुरात पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. ज्या धरणाच्या बातमीसाठी आपण रात्री जागून काढतो, त्याचे पाणी एकदा जवळून पाहावे, या इच्छेने यंदा संक्रांतीनंतर आई, पत्नी, धाकटा भाऊ आणि मी असे चौघे सात दिवसांसाठी निघालो. स्वतःची गाडी घ्यायची नाही, रेल्वे, एसटी आणि बोट यांनीच फिरायचे, असे आधीच ठरवले होते. त्या प्रवासात घेतलेल्या सेवांचा हा अभिप्राय आहे.

जाताना कोयना एक्सप्रेसने साताऱ्यापर्यंत गेलो. दिवसाची गाडी असल्यामुळे येरळेचा पूल, उसाचे फड, किर्लोस्करवाडीचे झाडीतले स्टेशन असे सगळे खिडकीतून नीट पाहता येते. कराडचे स्टेशन प्रत्यक्षात ओगलेवाडीला आहे. तेथे गाडी थांबल्यावर आईला लहानपणी घरात लागणारा, इथल्याच ओगले कारखान्यातला प्रभाकर कंदील आठवला आणि पुढची अर्धी वाट ती त्याची काच राखेने कशी पुसायची तेच सांगत होती. मात्र रेल्वेचा घाट आणि बोगदे पाहायचे असतील, तर साताऱ्याला न उतरता पुण्याच्या दिशेने आदर्कीपर्यंत जावे लागते, कारण सांगली ते सातारा हा मार्ग बहुतेक सपाटीचा आहे. सातारा स्टेशनही शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला आहे, त्यामुळे सामान जास्त असल्यास रिक्षाचा खर्च आणि वेळ हिशेबात धरावा. एवढे सोडले तर ज्येष्ठ माणसांना घेऊन जाण्यासाठी ही गाडी मला बसपेक्षा पुष्कळ बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी कास पठारावरून जलाशयाकाठच्या बामणोलीला उतरलो. जानेवारीत पठारावर फुले नसतात, गवत वाळलेले असते, म्हणून तेथे फार वेळ घालवला नाही. सातारा शहराला पाणी पुरवणारा कास तलाव मात्र वाटेत जरूर पाहावा. बामणोलीकडे जाणाऱ्या एसटी मोजक्याच आहेत. आदल्या दिवशी स्थानकावर वेळ विचारून ठेवलेली बरी.

या सहलीचा खरा ऐवज म्हणजे बोट. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय सुमारे ५० किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या काठच्या अनेक गावांना आजही बोट, लाँच आणि जीपगाड्या वाहून नेणारा तराफा यांचाच आधार आहे. पर्यटकांसाठीच्या बोटींचे भाडे माणशी नसते, बोटीमागे असते. त्यामुळे आठ-दहा जणांचा गट जमल्यास ते हलके पडते, आम्हा चौघांना ते जड गेले. तरीही तीन दिवसांत एकदाही पैसे वाया गेल्यासारखे वाटले नाही. पहाटेच्या धुक्यात बोट काठापासून सुटते, तेव्हा पाणी इतके निश्चल असते की बोटीने उठवलेली लाट तिरपी होत काठाला लागेपर्यंत डोळ्यांनी तिचा माग काढता येतो. या दिवसांत पाणी थोडे ओसरलेले असते आणि काठाची तांबडी माती पायऱ्या-पायऱ्यांनी उघडी पडते. एकेक पायरी म्हणजे पाणी काही दिवस थांबलेली जागा, असे नावाड्याने सांगितले. बातम्यांत टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत) ऐकलेली घट मी तेथे हाताच्या बोटाने दाखवत मोजली.

आम्ही सांगलीचे आहोत हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हंजे आमचं पाणी तुमच्याकडंच येतंय की, आज्जी." आई म्हणाली, "येतंय बाबा, पण एकदम नगा सोडू." त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग मशीन मंद करून त्याने पाण्यातली एक जागा दाखवली. त्याच्या आजोबांची भातशेती तेथे खाली होती. धरण झाले तेव्हा त्याच्या भावकीतली काही घरे ठाणे-रायगडकडे गेली, काही सोलापूर-सांगलीकडे आली आणि त्याचे घर डोंगरात वर सरकले. पुराने आमचे जे झाले ते चार दिवसांचे होते, त्यांचे कायमचे झाले, हे त्या पाण्यावर बसून ऐकताना मला फार लागले. ही माहिती कोणत्याही सहलीच्या पत्रकात मिळणार नाही, म्हणून नावाड्याशी बोला, त्याला घाई करू नका, एवढे आवर्जून सांगतो.

तिसरा दिवस वासोट्याचा. बामणोलीहून बोटीने साधारण दीड तासात पायथ्याच्या मेट इंदवलीला पोहोचता येते. हा किल्ला अभयारण्यात असल्यामुळे वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र जवळ ठेवावे लागते, मुक्काम करता येत नाही आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो. पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून त्यासाठी अनामत घेतली गेली आणि उतरल्यावर पुन्हा मोजून ती परत मिळाली. ही पद्धत मला अतिशय योग्य वाटली, कारण वाटेत कोठेही बाटली दिसली नाही. चढ दाट रानातून आहे, सावली भरपूर आहे, पण शेवटचा टप्पा दम काढतो. आई खाली इतर बोटींच्या लोकांबरोबर थांबली. वर गेल्यावर बाबू कड्याचा अर्धगोल आणि त्यापलीकडे खाली उतरत गेलेले कोकण दिसते, तेथे आम्ही अर्धा तास कोणी काही बोललो नाही. बोटवाल्याशी परतीची वेळ आधीच स्पष्ट ठरवा. आम्ही ती मोघम ठेवली आणि उतरताना आम्हाला धावपळ करावी लागली.

एक तक्रार नोंदवणे भाग आहे. एका फेरीत आईला दिलेल्या लाइफ जॅकेटचा पट्टा तुटलेला होता आणि तो सुतळीने बांधून चालेल असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही बोटीत बसण्यास नकार दिला, तेव्हा दुसरे जॅकेट आणून दिले. पाण्याची खोली पाहता या बाबतीत संकोच करू नये आणि जॅकेट अंगावर चढवून, पट्टा ओढून पाहिल्याशिवाय काठ सोडू नये.

चौथ्या दिवशी बोटीनेच तापोळ्याला गेलो आणि काठावरच्या एका घरगुती निवासात राहिलो. खोली साधी, अंथरूण स्वच्छ. पण सांगितलेले गरम पाणी सकाळी मिळाले नाही आणि रात्री थंडी कडाक्याची असूनही पांघरुणे मागून घ्यावी लागली. जेवणाने मात्र सगळे भरून काढले. चुलीवरची नाचणीची भाकरी, पिठले, लसणाचा ठेचा, आणि खाणाऱ्यांसाठी जलाशयातले ताजे मासे. वाढणाऱ्या काकूंनी आईला चौथी भाकरी आग्रहाने खायला लावली, हे आमच्या घरात गेल्या काही वर्षांत कोणाला जमलेले नाही.

महाबळेश्वरबद्दल थोडक्यात सांगतो. वेण्णा तलावावरचे नौकाविहार शिवसागरानंतर गर्दीचे आणि तोकडे वाटते. त्यापेक्षा जुन्या महाबळेश्वरातील पंचगंगा मंदिरात जावे. कृष्णा आणि कोयना या दोघींचा उगम जेथे मानतात, तेथे सांगलीकराने एकदा तरी ओंजळ धरावी.

सहाव्या दिवशी सातारा, कराड, पाटण करत एसटीने कोयनानगर गाठले. धरणावर जाता येत नाही, पण नेहरू उद्यानातून १०३ मीटर उंचीची ती भिंत समोर दिसते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतरही ती उभी आहे. साठ्यातले ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे कोकणात वळवले जाते, हे मी वाचले होते. पण आदल्या तीन दिवसांत ते पाणी पाहिल्यावर त्या आकड्याचा आवाका कळला. शेवटच्या दिवशी कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटताना पाहिल्या आणि ओगलेवाडीहून गाडीने घरी आलो.

ही सहल करायची असेल तर दिवाळी ते जानेवारीअखेर हा काळ निवडा, शनिवार-रविवार वासोट्यासाठी टाळा, बोटीसाठी गट जमवा आणि परतीचे तिकीट साताऱ्याहून न काढता कराडहून काढा.