कापलेल्या टपाची मायनर

जुनी, उघड्या टपाची मॉरिस मायनर ही इंग्लिश गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. त्यातही आमच्यासारख्या समुद्राकाठच्या लोकांसाठी. अंगणात जागा आहे, हाताला थोडीफार सवय आहे आणि नोकरी संपल्यावर घरच्या मांडवाखाली एक गाडी उभी करायची हौस आहे, अशी माणसं विकणारे बरोबर हुडकून काढतात.

आधी गाडीबद्दल, कारण फसवणूक कुठे होते ते त्याशिवाय कळणार नाही. मायनर 1948 साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली. आराखडा अॅलेक इसिगोनिस यांचा, ज्यांनी पुढे मिनी ही छोटी गाडी काढली. दोन दारांची बंद सलून आणि कापडी हूडची, म्हणजे घडी होणाऱ्या टपाची टूरर अशा दोन्ही तऱ्हा सुरुवातीपासून होत्या. पहिलं इंजिन 918 सीसीचं साइड-व्हॉल्व्ह, 1952 पासून 803 सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह. हे सगळं विकणारा तुम्हाला तोंडपाठ सांगेल. तो सांगणार नाही ती गोष्ट अशी, की मायनरला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. जीपला असते. आपल्याकडे मद्रासजवळ बनलेल्या स्टँडर्ड हेरॉल्डलाही असते, आणि हेरॉल्डचा टप तर बोल्टांवर बसवलेला. तो उतरवला तरी खालची गाडी धड राहते. मायनरचा पत्राच तिचा सांगाडा आहे. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून खोकं दोन टोकांना धरा, मधोमध लचकतं की नाही? तसंच. म्हणून कंपनीने टूरर बनवताना डॅशबोर्डखाली, दाराच्या मागच्या खांबाशी आणि दाराखालच्या पोकळ पेटीत जादा मजबुती दिली होती. ती मजबुती असेल तर ती टूरर. नसेल तर ती टप कापलेली सलून.

इंग्लंडमध्येही सलून कापून टूरर करणारे पुष्कळ आहेत, कारण टूररला भाव जास्त. मजबुतीचे तुकडे नीट जोडले आणि गिऱ्हाइकाला तसं सांगून विकलं, तर माझी काही तक्रार नाही. मला मात्र ‘शंभर टक्के कंपनीची टूरर’ म्हणून विकली गेली. हे शब्द व्हॉट्सअॅपवर अजून आहेत.

विकणारा पुण्याकडचा दलाल. गाडी म्हणे एका पारशी कुटुंबाची, एकहाती वापरलेली. जुन्या गाड्या विकणाऱ्या प्रत्येकाच्या पोतडीत एक पारशी बावाजी असतोच आणि तो नेहमी नुकताच वारलेला असतो. गाडी खरोखर देखणी होती. गडद लाल रंग, उभं नाक, गोल दिवे, खांबातून बाहेर येणारे इंडिकेटरचे छोटे हात. त्या हातांवर आमची ही सुद्धा भाळली, आणि तिला गाड्यांचं अजिबात कौतुक नाही.

नोंदणीचं पुस्तक दलालाने आधी झेरॉक्समध्ये पाठवलं. मूळ प्रत हातात आली तेव्हा ती भिजून वाळलेली होती. इंजिन नंबर वाचता येत होता, चेसिस नंबर वाचता येत होता, फक्त बॉडीच्या प्रकाराच्या ओळीवर शाई पसरलेली. पाऊस असा वेचून एका ओळीवर पडत नाही. दलाल म्हणाला, “दादा, जुनी पुस्तकं अशीच असतात, ट्रान्सफरला काही अडत नाही.” पैसे त्याला रोख हवे होते. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे, असं सांगितल्यावर बँकेतून घ्यायला तयार झाला. पावती दिली त्यावर मजकूर होता ‘जुनी मॉरिस गाडी, आहे त्या स्थितीत’. टूरर हा शब्द त्यात नव्हता. तोंडाने, फोनवर, मेसेजमध्ये सगळीकडे टूरर, आणि सही होते त्या कागदावर नुसती गाडी. तुम्ही घेत असाल तर तो एक शब्द पावतीवर लिहून मागा. खरा विकणारा लगेच लिहून देईल.

गाडीसोबत मिस्त्रीही आला. हा या धंद्यातला दुसरा पदर, आणि माझ्या मते जास्त धोक्याचा. “मायनरचं काम तुमच्याकडे कोणाला जमणार? आपला माणूस पाठवतो, घरी राहून करेल,” असं दलालच म्हणाला. माणूस आला, आमच्या पडवीत राहिला, बांगड्याच्या तिखल्यावर ताव मारला, हिला वहिनी म्हणायला लागला. हात सफाईदार होता यात शंका नाही. पण दाराखालच्या पेट्यांचं काम निघालं की त्याला हमखास काहीतरी आणायला हवं असायचं. कधी कुडाळहून थिनर, कधी कणकवलीहून ठरावीक नंबरचा पॉलिश पेपर. मी परत येईपर्यंत तिथे प्रायमर मारून झालेला असायचा. मांडवाच्या समुद्राकडच्या बाजूला ताडपत्री लावली होती. पुढे त्याने घराकडच्या बाजूलाही लावून घेतली. “वहिनी, पुट्टीची धूळ नाकात जाते, इकडे येऊ नका.” केवढी ती काळजी!

इंधनाचा पंप आणि कार्बोरेटर, दोन्ही मूळचे एसयू कंपनीचे, तो ‘टेस्टिंगला’ म्हणून पुण्याला घेऊन गेला. परत आले ते दुसरेच होते. मायनरचा एसयू पंप विजेवर चालतो आणि चावी फिरवली की टकटक करतो. आता आवाजच येईना. विचारलं तर म्हणे नवीन सायलेंट मॉडेल आहे. इंडिकेटरचे हातही गेले. जागी साधे दिवे आले आणि हात म्हणे ‘आता पासिंगला चालत नाहीत’. ज्या वस्तूंसाठी जुन्या गाडीचे शौकीन देश पालथा घालतात, त्याच नेमक्या निकामी निघाल्या. बंपरच्या क्रोमचंही तेच. चांगल्या क्रोमखाली आधी तांब्याचा, मग निकेलचा थर असतो आणि त्याही आधी पत्रा घासून आरशासारखा केलेला असतो. आमच्या बंपरवर गंजावरच एक पातळ हात मारला होता. हूड बाहेरून मागवलेल्या कापडाचं ठरलं होतं, आलं ते रिक्षाला लावतात तसलं रेक्झिन. पैसे मात्र सगळे आगाऊ.

पुण्यात हे काम दोन-तीन वर्षं खपून गेलं असतं. कोकणात जून लागला की सगळं उघडं पडतं. इथल्या वाऱ्यातच मीठ असतं आणि मीठ पत्र्यावर ओल धरून ठेवतं. पुट्टी पाणी शोषते. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, त्यासाठी इपॉक्सी प्रायमर लागतो. बिलात इपॉक्सीच लावलेला आहे, हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या आधीच दाराखाली रंगाला फोड आले, नखाने दाबले की आतून तपकिरी पाणी. पण खरी गोष्ट दारांनी सांगितली. मागच्या सीटवर दोन भाचे बसले की डावं दार लागेना, आणि उतारावर तेच दार आपोआप उघडायचं. मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, बिजागरी बसेल हळूहळू. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

मग कुडाळकडच्या एका जुन्या पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींना आणलं. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. खिशातून लोहचुंबक काढला आणि दाराखालच्या पेटीवर, दाराच्या मागच्या खांबावर, चाकांवरच्या कमानींवर फिरवला. अर्ध्याअधिक ठिकाणी तो चिकटला नाही, सरळ खाली पडला. मग दार उघडं ठेवून गाडीच्या मधोमध, दाराखालच्या पेटीला जॅक लावून थोडी वर घेतली आणि दार लावायला सांगितलं. ते अडकलं. नुसती जॅकवर घेतली तर जिची दारं अडकतात, तिच्या पोटात जीव नाही, एवढं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ते वाकून विंडस्क्रीनची वरची कड बोटांनी चाचपत होते. म्हणाले, “हिका मूळचो टप होतो. कोणीतरी कापल्यान हा.”

खरवडायला घेतलं. विंडस्क्रीनच्या वर, रेक्झिनच्या पट्टीखाली, ग्राइंडरने कापलेली वाकडीतिकडी कड होती. कंपनीच्या टूररला तिथे हूडचे हुक अडकवायची व्यवस्थित पट्टी असते. मागच्या खांबाचं तोंड नुसतं पुट्टीने बुजवलं होतं. डॅशबोर्डखाली मजबुतीचा एकही तुकडा नव्हता. आणि दाराखालच्या पेटीत, जिथे पत्र्यावर पत्रा हवा, तिथे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर पुट्टी ओढलेली. एका बोळ्यावरची तारीख शाबूत होती. गाडी मला दाखवली गेली त्याच्या काही महिने आधीची, पुण्याच्या आवृत्तीची. म्हणजे कोणा बावाजीने जुन्या काळी हौसेने टप कापला वगैरे बचावाला जागाच नाही. पण दलालाने पाठवलेल्या मिस्त्रीने त्याच पेट्यांवर काम केलं होतं. त्याने ते बोळे पाहिले आणि वरून आणखी पुट्टी लावली.

ज्या कार्यालयात गाडीची पहिली नोंद होती तिथून नोंदीचा उतारा मागवला. बॉडीच्या प्रकारापुढे स्वच्छ अक्षरात ‘सलून’. हा उतारा गाडी घेण्याआधीच मागा. विकणाऱ्याने त्याला फाटे फोडले तर तिथेच थांबा. 1952 नंतरच्या मायनरमध्ये चेसिस नंबराच्या आधीच्या अक्षरांतही बॉडी कोणती ते असतं. त्या नंबराचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे वर कागद ठेवून पेन्सिल घासून उठवलेला ठसा, स्वतः काढा, फोटोवर भरवसा नको.

हे फक्त हौसेपुरतं राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि पुस्तकात नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. पुस्तकात सलून आणि रस्त्यावर उघडी गाडी, म्हणजे ती रस्त्यावर नेणंच अडचणीचं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त. दलालाने आणखी एक गाजर दाखवलं होतं, व्हिंटेज नोंदणीचं. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. शिवाय ती रोजच्या वापराला नसते, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. टप कापलेल्या गाडीला हे दारच बंद. दलालाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही.

वकिलामार्फत नोटीस गेली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. तिला मुदत दोन वर्षांची असते, म्हणून ‘बघू, तो काहीतरी करेल’ यात वेळ घालवू नका. वकिलांनी पहिल्यांदा मागितला तो माझा फोन. मेसेज ज्या फोनवर आले तो जपून ठेवायचा, कारण पुराव्यासोबत त्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. वर्तमानपत्राचे बोळे पिशवीत बंद आहेत आणि खरवडताना प्रत्येक थराचे फोटो काढलेत. घरी काम करून घेत असाल तर फोटोंची ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. पत्रा उघडा असताना फोटो, त्यानंतरच प्रायमर. फोटो नाही तर पुढचा हप्ता नाही. काढलेल्या प्रत्येक भागावर पंचाने बारीक खूण करा आणि नंबर लिहून घ्या, मग ‘टेस्टिंगहून’ परत काय आलं ते कळेल.

कुडाळचे मिस्त्री पेट्यांमध्ये नवा पत्रा घालतायत. वर टप परत बसवायचा म्हणतात. कुठल्या तरी भंगारातल्या सलूनचा मिळाला तर.

दरम्यान त्याच दलालाची नवी जाहिरात फिरते आहे. फिकट हिरवी मायनर, ‘कंपनी टूरर, एकहाती, कोकणात घरपोच’. तिसऱ्या फोटोत हूड खाली आहे. तो मोठा करून विंडस्क्रीनची वरची कड बघा. तिथे हुकांची पट्टी नाही, काळं रेक्झिन गुंडाळलंय.