झाडावर चढायची स्पर्धा, तीही मोठ्यांची: पैसे वसूल की नाही?

नवऱ्याने मेसेज फॉरवर्ड केला तेव्हा मला वाटलं लहान मुलांचं शिबिर असणार, तर खाली लिहिलेलं 'फक्त १८ वर्षांवरील', आणि माणशी २८०० रुपये. झाडावर चढायला २८००! आमची आजी झाडावर चढलं की धपाटे घालायची, ते तरी फुकट होते. तरी गेलो. दापोलीच्या अलीकडे एक वाडी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि चालवणारी पोरं नवीन आहेत, शिकतील.

हे खूळ त्यांच्या डोक्यातून आलेलं नाहीये बरं का. मोठ्या झाडांची छाटणी आणि निगा करणारे आर्बोरिस्ट असतात ना, त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची अशी स्पर्धा १९७६ पासून चालू आहे, पहिली अमेरिकेत सेंट लुईसला झाली. आणि कामधंदा म्हणून नाही तर नुसतं हौस म्हणून चढणाऱ्यांचा क्लब अटलांटाला १९८३ मध्ये निघाला, पीटर जेंकिन्स नावाच्या माणसाने काढला. इथल्या पोरांनी त्या मोठ्या स्पर्धेतले तीन प्रकार उचललेत: खालून वजनदार पिशवी फेकून फांदीवरून दोर टाकणे, घड्याळ लावून चढणे, आणि झाडभर बांधलेल्या घंटा वाजवत फिरणे. मूळ स्पर्धेत वर अडकलेल्या 'जखमी' माणसाला ५ मिनिटांत खाली आणायचा पण एक प्रकार असतो, तो यांनी ठेवला नाही, बरं झालं, आमच्यातले निम्मे जण खरोखर जखमी झाले असते.

झाड मात्र काय निवडलंय! जुना रायवळ आंबा, दोघांच्या कवेत मावणार नाही असा, नोव्हेंबर असल्याने मोहर नाही की कैरी नाही. दोर सालीवर घासू नये म्हणून फांदीवर आधी जाड पट्टा टाकला, त्याच्या कड्यांतून दोर ओवला, हे मला फार आवडलं. आधी अर्धा तास फक्त गाठ शिकवली. गाठ वर सरकवायची, मग हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत, बूड टेकून बसायचं, मग पाय वर घ्यायचे, मग पायांवर उभं राहायचं आणि परत गाठ सरकवायची, अळी चालते तसं. गाठ अशी की भार टाकला की दोराला गच्च आवळते आणि हाताने ढकलली की सरकते. पहिल्यांदा जमिनीपासून चार फुटांवर तिच्यावर सगळं वजन सोडताना पोटात जो गोळा येतो तो वर पोचल्यावर पण नाही आला.

गंमत म्हणजे आमच्या बॅचमधली जिमवाली दोन पोरं हातांनीच ओढत सुटली आणि पंधरा फुटांवर दंड भरून आले म्हणून लटकून बसली, आणि सांगलीच्या एक काकू, रिटायर्ड शिक्षिका, साठीच्या तरी असतील, पायांवर भार देत देत न थांबता त्यांच्या शेजारून वर गेल्या. जाताना 'दमलात का रे बाळांनो' म्हणाल्या ते वेगळंच.

घंटांचा प्रकार सगळ्यात भारी. एक घंटा आडव्या फांदीच्या पार टोकाला होती. तिथपर्यंत चालत जायचं, पण फांदी ठरावीकपेक्षा जास्त वाकली तर बझर वाजतो आणि गुण कापतात. म्हणजे सगळा भार दोरावर ठेवायचा आणि पाऊल नुसतं टेकवायचं. माझा बझर तीनदा वाजला. पण त्या टोकाला पानांत उभं राहून घंटा वाजवली ना, तेव्हा मला सूरपारंब्याच आठवल्या, माझ्यावर राज्य फार कमी यायचं हो, वडाच्या पारंबीवरून सुळ्ळकन उतरून काठीला हात लावायचे मी.

आता तक्रारी. चौदा माणसं आणि दोर दोनच, त्यामुळे दीड-दीड तास खाली सतरंजीवर बसून दुसऱ्यांचे बूड बघायचे. वेळेची स्पर्धा तर अगदीच गचाळ, घड्याळ म्हणजे एका मुलाचा मोबाईल, त्याचा अंगठा घामाने चिकटला आणि एकाची वेळ परत घ्यावी लागली, तो बिचारा दुसऱ्यांदा अर्ध्यावरच थांबला. वर स्पीकरवर ढॅणढॅण गाणी, झाडावर बसलेल्या माणसाला खालच्याची सूचना ऐकू येत नाही, हे मला धोक्याचं वाटलं आणि मी तसं तोंडावर सांगितलं. हेल्मेट दोनच साईजमध्ये, अंबाडा असेल तर सोडा. आणि आंब्यावर पानं चिकटवून घर करणाऱ्या लाल मुंग्या असतात हे कोकणात कार्यक्रम करणाऱ्यांना माहीत नसावं? माझ्या मानेवर अजून खुणा आहेत.

एक किस्सा सांगायलाच हवा. दोर टाकायची पिशवी बेचक्यात अडकली, सहा-सात झटके मारले तरी निघेना. तेव्हा वाडीवर नारळ पाडायला येणारे एक दादा उभे होते, ते लुंगी खोचून अनवाणी सरसर वर गेले, पिशवी सोडवून खाली टाकली आणि आम्ही टाळ्या वाजवेपर्यंत खाली पण आले. मी म्हटलं दादा, तुम्ही का नाही उतरत स्पर्धेत, पहिला नंबर तुमचाच. तर म्हणाले, "वहिनी, आंब्यावर आत्ता काय आहे काढायला?"

जेवण उत्तम, सोलकढी मागाल तितकी. माझ्याकडून साडेतीन स्टार, दोर चार केले आणि स्पीकर बंद केला तर साडेचार. जाणार असाल तर फुल पँटच घाला. नवरा बर्म्युडा घालून गेला होता, सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकली त्याने.