हरकत, प्रभागाचा निधी की निर्देशक? शहराच्या नियोजनात शाश्वत विकास ध्येये उतरवण्याच्या तीन वाटा

महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेच्या हद्दीत दहा-पंधरा जणांचा नागरिक गट आहे. प्रत्येकाला आठवड्यातून चार-पाच तास देता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी ध्येय क्रमांक 11, म्हणजे सर्वांना सामावून घेणारी, सुरक्षित, शाश्वत शहरे, हे आपल्या वॉर्डातल्या जमिनीवर दिसावे अशी गटाची इच्छा आहे. मग पहिल्या वर्षी ताकद कुठे लावायची?

वाटा मुख्यतः तीन: विकास आराखड्यावर (कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या नकाशावर) हरकती-सूचना, महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिक सहभाग, आणि ध्येयांच्या निर्देशकांवर, म्हणजे प्रगती मोजण्याच्या ठरलेल्या मापांवर, शहराची मोजणी. तिन्हींना सरसकट 'लोकसहभाग' म्हणतात, पण तिन्हींतून हाती लागणारी गोष्ट अगदी वेगळी आहे. आराखड्यातून जमीन मिळते किंवा जाते. अंदाजपत्रकातून छोटी कामे होतात. निर्देशकांतून पुरावा मिळतो. जमीनही नाही आणि पैसाही नाही. गटाला यातले नेमके काय हवे, हे ठरले की निवड निम्मी होते.

विकास आराखडा: दार क्वचित उघडते, पण आत सगळे आहे

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून एकदा तरी व्हायला हवी. कलम 23 खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम 25 खाली विद्यमान भूवापराचा नकाशा होतो, कलम 26 खाली प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध होते आणि हरकतींची मुदत सुरू होते: साधारण 30 दिवस, बृहन्मुंबईत 60. पुढे कलम 28 ची नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यानंतर आराखडा शासनाकडे जातो आणि अंतिम शब्द शासनाचा असतो.

बहुतेक गट प्रारूप आल्यावर जागे होतात. खरी संधी त्याआधी, विद्यमान भूवापराच्या नकाशापाशी असते. मैदान तिथे 'मोकळी जागा' ऐवजी 'रिकामा भूखंड' म्हणून रंगले, ओढा रंगलाच नाही किंवा वस्ती दाखवलीच नाही, तर पुढचे सगळे गणित त्या चुकीवर उभे राहते. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्यात हेच झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये आलेल्या प्रारूपात इमारतींवरून जाणारे रस्ते आणि चुकीच्या नोंदी इतक्या निघाल्या, की एप्रिलमध्ये शासनाने ते नव्याने करायला सांगितले. सुधारित प्रारूप मे 2016 मध्ये आले, मंजुरी 2018 मध्ये मिळाली.

त्याच आराखड्यात लोकसहभागाचे चांगले उदाहरणही आहे, आणि ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. महिलांसाठी काम करणाऱ्या संस्था-संघटनांनी 'महिलांचा विचार करा' एवढे म्हणून न थांबता जमिनीच्या वापराचे प्रकार मागितले. परिणामी नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, आधार केंद्र, काळजी केंद्र अशी आरक्षणे, म्हणजे त्या वापरासाठी राखून ठेवलेले भूखंड, आराखड्यात आली. ध्येय 5, म्हणजे लिंगभाव समानता, भाषणातून उतरून भूखंडाच्या नावात आले. नियोजन खात्याला आरक्षणाची भाषा कळते. भावनेवर त्याला शेरा मारता येत नाही.

म्हणून हरकत कशी लिहावी, हे इथे सगळ्यात महत्त्वाचे आहे. 'आमच्या भागात बागा कमी आहेत, जास्त द्याव्यात' या वाक्यावर समिती काहीच करू शकत नाही. त्याऐवजी एका पानावर पाच गोष्टी हव्यात: सर्व्हे क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, आराखड्याचा शीट क्रमांक, जुन्या आराखड्यातले आरक्षण, प्रारूपातला बदल, आणि नेमकी मागणी. शेवटी मोजलेले कारण: 'या भूखंडावरचे क्रीडांगणाचे आरक्षण निवासीमध्ये बदलले आहे, येथून 400 मीटर चालण्याच्या अंतरात दुसरे सार्वजनिक मैदान नाही, जुने आरक्षण कायम ठेवावे.' एका अर्जात एकच विषय. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. 'समक्ष सुनावणी हवी' हे स्पष्ट लिहावे.

चुका कुठे होतात? छापील मजकुराच्या हजार प्रती गोळा करण्यात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर 2013 मध्ये सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. इतक्या ढिगात सारख्या अर्जांचा गठ्ठा एकत्र ऐकला जातो आणि हजार सह्यांचे वजन एका अर्जाएवढे उरते. वीस वेगवेगळ्या भूखंडांवरचे वीस नेमके अर्ज त्याहून जड असतात. सुनावणीत काही मिनिटेच मिळतात. ए-थ्री कागदावर एकच नकाशा न्यावा, भूखंडाला लाल कडा द्यावी आणि मागणी पहिल्या वाक्यात सांगावी.

या वाटेची किंमत वेळेत मोजावी लागते. पुण्याचे ते प्रारूप मार्च 2013 मध्ये प्रसिद्ध झाले, शासनाने 2015 मध्ये ते आपल्या ताब्यात घेतले आणि मंजुरी जानेवारी 2017 मध्ये दिली. मंजुरीनंतरही काम संपत नाही. कलम 37 खाली एकेका भूखंडाचा बदल होतो आणि त्याच्या सूचनेची मुदत फक्त एक महिना असते. कलम 127 खाली, मंजुरीनंतर दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. शहरातली कितीतरी मैदाने हरकतीच्या वेळी वाचतात आणि या 24 महिन्यांत जातात, कारण तोवर गट विखुरलेला असतो. गटातल्या एकाने आपल्या भागातल्या आरक्षणांची यादी आणि त्यांची दहा वर्षे कधी भरतात ती तारीख लिहून ठेवावी. काम कंटाळवाणे आहे, पण मैदान वाचते ते यानेच.

गोव्याचा अनुभव याच धोक्याचा आहे. जनआंदोलनानंतर 2007 मध्ये तिथला प्रादेशिक आराखडा 2011 रद्द झाला. पुढच्या 2021 च्या आराखड्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या सहभागाने कृती दल नेमले गेले, मसुदे गावोगाव गेले, ग्रामसभांनी नकाशांवर मते दिली. इतके होऊनही नंतर कायद्यातल्या दुरुस्त्यांतून भूखंडागणिक बदलांची वाट खुली झाली. गावाने मन लावून केलेला नकाशा टिकवायलाही तेवढीच माणसे लागतात.

अंदाजपत्रकातला सहभाग: दरवर्षी, छोटा, दिसणारा

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये सुरू केलेली ही पद्धत पुणे महापालिकेने 2006-07 पासून आपल्या पद्धतीने आणली. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देतात, अभियंता व्यवहार्यता आणि खर्च तपासतो, प्रभाग समितीत कामे निवडली जातात आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतात. अर्जांचा हंगाम साधारण ऑगस्ट-सप्टेंबरचा, आणि एका कामाची मर्यादा पाच लाख रुपयांच्या घरात राहिली आहे. एकूण अंदाजपत्रकात हा वाटा अगदी थोडा आहे, हे मान्य करूनच उतरावे. या पैशातून शहराची वाहतूक सुधारत नाही. एक चौक मात्र व्हीलचेअरला आणि लहान मुलांना ओलांडता येईल असा नीट करता येतो.

अर्ज नाकारला जाण्याची कारणे ठरलेली आहेत. जागा महापालिकेची नाही, हे पहिले. सोसायटीच्या आतला रस्ता किंवा दुसऱ्या सरकारी खात्याची जमीन निघते. काम भांडवली नसून दरवर्षीच्या खर्चाचे आहे, हे दुसरे. सुरक्षारक्षक किंवा सफाई कामगार या निधीतून मिळत नाहीत. काम मुख्य खात्याचे आहे, हे तिसरे. मोठी मलवाहिनी क्षेत्रीय कार्यालयाच्या हातात नसते. तिन्ही टाळायचे असतील, तर अर्ज भरण्याआधी कनिष्ठ अभियंत्याला घेऊन जागेवर जा, मालकी विचारा, दरसूचीप्रमाणे ढोबळ अंदाज काढून घ्या आणि जागेच्या फोटोवर मापे लिहून तो अर्जाला जोडा.

काम अंदाजपत्रकात आले म्हणजे झाले, असे समजणारे गट दरवर्षी फसतात. वर्षाच्या मध्यात वर्गीकरण होऊन पैसे दुसऱ्या कामाकडे जातात, किंवा निविदा इतक्या उशिरा निघते की मार्चअखेर निधी परत जातो. अंदाजपत्रक मंजूर होताच कामाचे अर्थशीर्षक, म्हणजे ते अंदाजपत्रकात कुठल्या नोंदीखाली आहे, ते लिहून घ्यावे. ऑक्टोबरपर्यंत निविदा निघाली नसेल, तर लेखी विचारणा करावी. काम झाल्यावर माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) पाहावी. कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, आणि तो वापरणारे फार थोडे आहेत.

दुसरी अडचण न्यायाची आहे. अर्ज कोण करतो? ज्याला फॉर्म कुठे मिळतो हे माहीत आहे, तो. म्हणून बाकडी, नामफलक आणि पेव्हर ब्लॉक यांची यादी वाढत जाते आणि वस्तीतल्या शौचालयाचे तुटलेले दार तसेच राहते. ध्येय 6, म्हणजे स्वच्छ पाणी आणि स्वच्छता, यातल्या लक्ष्य 6.2 मध्ये महिला, मुली आणि असुरक्षित स्थितीतल्या लोकांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे. ते पाळायचे असेल, तर बैठक रविवारी सकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ठेवून चालणार नाही. घरकाम करणाऱ्या बायका रात्री साडेआठनंतर मोकळ्या होतात. बैठक तेव्हा, वस्तीत, आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत.

निर्देशक: जोर नाही, पण पुरावा आहे

नीती आयोगाने नोव्हेंबर 2021 मध्ये 56 शहरांचा शाश्वत विकास निर्देशांक काढला. त्यात पणजी, पुणे आणि नागपूर पहिल्या दहांत होती. भोपाळने 2023 मध्ये ध्येयांच्या प्रगतीचा स्वतःचा ऐच्छिक आढावा प्रसिद्ध केला. असे करणारे ते देशातले पहिले शहर. हे काम चांगले आहे, पण ते आयुक्तांच्या इच्छेवर चालते आणि त्यातले आकडे शहराच्या सरासरीचे असतात. सरासरीत तुमची वस्ती दिसत नाही. नागरिक गटाने पहिल्याच वर्षी 'आमच्या शहराचाही आढावा व्हावा' या मागणीवर ताकद खर्च करू नये.

मात्र या मोजमापाची पद्धत उचलावी आणि वॉर्डापुरती वापरावी. तीन आकडे पुरेत: सार्वजनिक मोकळी जागा चालत 400 मीटरच्या आत आहे का, बसथांबा 500 मीटरच्या आत, आणि मेट्रो किंवा लोकलचे स्थानक एक किलोमीटरच्या आत आहे का. हे मापदंड लक्ष्य 11.7 आणि 11.2 मोजण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीतलेच आहेत. नकाशावर कंपासने वर्तुळ काढणे ही इथली ठरलेली चूक. रेल्वेमार्ग, नाला किंवा कंपाऊंडची भिंत मध्ये आली की वर्तुळातले 400 मीटर पायाखाली किलोमीटरभर होतात. वस्तीच्या तोंडापासून बागेच्या उघड्या फाटकापर्यंत प्रत्यक्ष चालून मोजावे आणि फाटक किती ते किती उघडे असते हेही लिहावे. निर्देशक 11.7.1 मध्ये लिंग, वय आणि अपंगत्वानुसार वेगळी नोंद अपेक्षित आहे. तेव्हा दोन कामाचे दिवस आणि एक रविवार, सकाळी आणि संध्याकाळी, जागा कोण वापरते याची मोजदाद करावी. संध्याकाळी सातनंतर बागेत एकही मुलगी नसेल, तर दिव्याचा अर्ज अंदाजपत्रकात जातो. बागच नसेल, तर तोच तक्ता हरकतीला जोडला जातो.

वॉर्ड समित्या 74 व्या घटनादुरुस्तीतून आल्या, तर क्षेत्रसभा, म्हणजे वॉर्डातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभा, राज्याच्या कायद्यात 2009 मध्ये आल्या. निर्देशक 11.3.2 विचारतो तेच यांचे मूळ काम: नियोजनात थेट सहभागाची रचना नियमित आणि लोकशाही पद्धतीने चालते का? बहुतेक शहरांत क्षेत्रसभा कागदाबाहेर आलेल्या नाहीत आणि निवडून आलेले नगरसेवक नसताना, प्रशासकाच्या काळात, प्रभाग समित्याही बसत नाहीत. नगरसेवक तयार असेल तर क्षेत्रसभा जरूर बोलवायला लावा, पण वर्षाची सगळी आखणी तिच्यावर टांगू नका. फेरीवाल्यांचा प्रश्न असेल, तर नगर पथविक्रेता समितीकडे जा. 2014 च्या कायद्याने तिथे किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत.

मग निवड कशी करायची

प्रारूपाची मुदत चालू असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवा. गेलेला भूखंड पुढची वीस वर्षे परत येत नाही. इरादा जाहीर झाला असेल आणि प्रारूप यायचे असेल, तर ही सर्वांत मोलाची वेळ आहे: मोजणी आत्ता करा आणि भूवापराच्या नकाशातल्या चुका लेखी द्या. आराखडा नुकताच मंजूर झाला असेल, तर अंदाजपत्रकापासून सुरुवात करा. त्यातून अभियंता ओळखीचा होतो, वस्तीतली माणसे जोडली जातात आणि गट टिकतो. सोबत कलम 37 च्या सूचनांवर नजर ठेवायला एक माणूस द्या. आराखड्याला नऊ-दहा वर्षे झाली असतील, तर कलम 127 ची यादी आधी काढा आणि संपादनासाठी तरतूद करा असे पत्र पुढच्या अंदाजपत्रकाआधी द्या.

पहिल्या बैठकीला चार गोष्टी लागतील: मंजूर आराखड्याची तुमच्या भागाची शीट, मंजुरीची तारीख, चालू अंदाजपत्रकातली प्रभागाची पाने, आणि मोजणीला निघणाऱ्या सहा जणांची नावे, ज्यांत निम्म्या तरी बायका आणि दोघे तरी वस्तीतले.